स्पेनच्या किनाऱ्यावर आठवडाभर, सासू-सासऱ्यांसह

प्रश्न: आम्ही ड्युसेलडॉर्फजवळ राहतो. मुलं ६ आणि ११ वर्षांची. १ ऑक्टोबरला सासू-सासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी येताहेत. मुलांच्या शरद सुट्टीत सगळ्यांनी स्पेनला समुद्रावर जावं, असं घाटतंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासरे माळकरी. जो तो सांगतो, किचन असलेलं अपार्टमेंट घ्या, स्वस्त पडेल. मला धास्ती वाटते ती हीच, की स्पेनला जाऊनही मी ओट्यापाशीच उभी. काय करू?

उत्तर: ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. किचन असलेलं घर जरूर घ्या. पण दुपारचा स्वयंपाक करायचा नाही, हे निघण्याआधीच घरात जाहीर करून टाका. स्पेनमध्ये हे खिशालाही परवडतं. तिथे सोमवार ते शुक्रवार दुपारी साध्या खानावळींबाहेर ‘मेनू देल दिया’ची पाटी लागलेली असते. एक पहिला पदार्थ, एक दुसरा, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं मिळून एकच ठरलेली किंमत. त्याच जागी रात्री मेनू-कार्डावरून मागवलंत तर बिल भलतंच फुगतं. म्हणून पोटभर जेवण दुपारी, दीड ते साडेतीनच्या दरम्यान. रात्री तिथले लोक नऊनंतर जेवतात, तोवर तुमचा धाकटा खुर्चीतच पेंगेल. त्यामुळे रात्री घरी खिचडी, दहीभात. कुठल्याही सुपरमार्केटात उकडलेल्या छोल्यांची काचेची बरणी मिळते, नाव ‘गार्बान्सोस’. कांदा-टोमॅटो परतून त्यात ओतले की दहा मिनिटांत उसळ. भांडी ‘अहों’कडे. यावर चर्चा नको.

रविवारी बहुतेक सुपरमार्केटं बंद असतात. दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवा.

आता गाव. पैसे वाचवायचे म्हणून लोक किनाऱ्यापासून दूर, डोंगरात घर घेतात आणि मग टॅक्सी, भाड्याची गाडी, पार्किंग यांत वाचलेले पैसे घालवून बसतात. माझं मत, रेल्वेच्या रुळाशेजारचं गाव निवडा. दक्षिण स्पेनमधल्या मालागाच्या विमानतळावरूनच ‘सेर्कानियास’ म्हणजे लोकल मिळते. तिची सी-१ ही लाइन एका टोकाला मालागा शहरात जाते आणि दुसऱ्या टोकाला तोर्रेमोलिनोस, बेनालमादेना करत फुएन्हिरोलाला. साधारण दर वीस मिनिटांनी गाडी. तुमच्यासाठी मी फुएन्हिरोला सुचवेन. स्टेशनपासून समुद्र चालत काही मिनिटांवर, गाव बरंचसं सपाट, आणि किनाऱ्याला लागून कित्येक किलोमीटरचा सलग फरसबंद रस्ता. सासूबाईंना दर थोड्या अंतरावर बाक मिळेल. तोर्रेमोलिनोसला जुनं गाव वर आणि किनारा खाली, मध्ये चढउतार. गुडघ्यांना ते नको.

आलिकान्ते-बेनिदोर्मचा किनाराही स्वस्त आहे, आणि ऑक्टोबरात तिकडचं पाणी मालागापेक्षा उबदार असतं. मालागाजवळ जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं गार पाणी आत येतं. गणपतीपुळ्याच्या सवयीने कुणी धावत पाण्यात शिरलं तर किंचाळतच बाहेर येईल. तरी मी मालागाच म्हणते, कारण आलिकान्तेचा विमानतळ रेल्वेने जोडलेला नाही, आणि चार बॅगा, दोन मुलं, दोन ज्येष्ठ यांना घेऊन बस बदलणं म्हणजे सुट्टीचा पहिलाच दिवस वाया. शिवाय शरद ऋतूत पूर्वेच्या त्या किनाऱ्यावर कधीकधी अचानक अतोनात पाऊस कोसळतो. २०२४च्या ऑक्टोबरअखेर वालेन्सिया भागात अशाच पावसाने दोनशेहून अधिक माणसं गेली. कुठल्याही किनाऱ्यावर असलात आणि फोनवर सरकारी इशारा वाजला, तर बाहेर पडायचं नाही.

तारखांचं एक बघा. ऑगस्टपेक्षा ऑक्टोबर स्वस्त, हे खरंच. पण १२ ऑक्टोबरला स्पेनची राष्ट्रीय सुट्टी असते, आणि फुएन्हिरोलाची जत्रा, तिला ‘फेरिया’ म्हणतात, ६ ते १२ ऑक्टोबर चालते. मुलांना पाळणे आवडतील, सासऱ्यांना झोप लागणार नाही. जमलं तर १३ तारखेनंतर पोचा.

सासऱ्यांच्या जेवणाची काळजी करताय, ती रास्त आहे. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, असं म्हटलं तर पुढ्यात हॅमचे तुकडे किंवा ट्यूना घातलेलं सॅलड येऊ शकतं. वाढणाऱ्याच्या लेखी ‘कार्ने’त ते येत नाही. म्हणून सगळी यादीच म्हणा: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन उएवो’. मांस, मासे, हॅम, अंडं, काहीच नको. ‘तोर्तिया’ हे बटाट्याचं प्रकरण दिसायला निरागस, पण त्यात अंडं असतं. ‘साल्मोरेहो’ या टोमॅटोच्या थंड सुपावर अंडं आणि हॅम भुरभुरून देतात, वरचं न घालता मागा. ‘आहोब्लांको’ मात्र त्यांना मागवून द्याच. बदाम, लसूण आणि पावाचं गार सूप, वर द्राक्षं.

आणि वांगी! ‘बेरेन्हेनास कॉन मिएल’ म्हणजे तळलेल्या वांग्यांच्या कापांवर ‘मिएल दे कान्या’. शब्दशः उसाचा मध, प्रत्यक्षात आपली काकवी. सांगलीच्या माणसाला ती ओळखायला दुसरा घास लागणार नाही. अरबांनी आणलेला ऊस या किनाऱ्यावर शतकानुशतकं पिकत होता. शेवटचा साखर कारखाना २००६ साली बंद पडला, पण नेर्हाच्या वरच्या डोंगरात फ्रिहिलिआना गावी काकवी अजून बनते. गाव देखणं आहे आणि चढाचं आहे, तेव्हा सासूबाईंना खाली नेर्हाला समुद्रासमोर कॉफी घेत बसवा. एक सावधगिरी: वांगी आणि मासे बऱ्याच ठिकाणी एकाच तेलात तळतात. माळ असलेल्या माणसाला हे आधी सांगणं बरं, नंतर कळण्यापेक्षा.

तुमच्यातले मासे खाणारे मात्र ‘चिरिंगितो’त, म्हणजे वाळूवरच्या खानावळीत जा. तिथे वाळूने भरलेल्या होडीत निखारे करून सळईला टोचलेली तारली भाजतात, तिला ‘एस्पेतो’ म्हणतात. मालागाचे लोक सांगतात, नावात ‘र’ नसलेल्या महिन्यात, म्हणजे मे ते ऑगस्ट, तारली खरी चवीची. ऑक्टोबरात ‘र’ आहे. तरी खाच.

कागदपत्रांपैकी दोन गोष्टी. सासू-सासऱ्यांचा जर्मनीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून असलेला एकच व्हिसा, स्पेनला चालतो, पण मुक्काम १८० दिवसांत ९० दिवस इतकाच. १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर असे ‘तीन महिने’ धराल तर होतात ९२ दिवस, आणि आल्या-गेल्याचे दिवसही मोजले जातात. परतीचं तिकीट आजच तपासा. दुसरं, किनाऱ्यावर मोरोक्कोतल्या तांजिएरची एका दिवसाची सहल स्वस्तात विकतात. ती शेंगेनबाहेर आहे. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर संध्याकाळी परत स्पेनमध्ये येता यायचं नाही.

घरमालक सगळ्यांच्या पासपोर्टची माहिती मागेल. घाबरू नका, प्रवाशांची नोंद ठेवणं त्याला कायद्याने भाग आहे. तुम्हीही उलट विचारा: जाहिरातीत घराचा नोंदणी क्रमांक आहे ना? आणि लिफ्ट? ‘पहिला मजला’ म्हणजे जिने किती, हे फोटोत दिसत नाही.

मालागाला जायला रविवार ठेवा. पिकासोचा जन्म या शहरातला, १८८१चा. त्याच्या नावाच्या संग्रहालयात रविवारी शेवटचे दोन तास प्रवेश फुकट असतो आणि अल्काथाबा हा जुना किल्ला दुपारी दोननंतर. किल्ल्यावर जायला लिफ्ट आहे. ग्रानादा शहरातला आल्हाम्ब्रा हा जुना राजवाडा अप्रतिम आहे, पण तिकीट नावावर आणि वेळेवर मिळतं, फार आधी काढावं लागतं, आणि आत खूप चाल आहे. या खेपेला मी तो सोडला असता.

हे वाचणाऱ्या लंडन-लेस्टरच्या मंडळींसाठी: तुम्ही युरोपीय संघाबाहेरून येता, त्यामुळे साजूक तूप, पेढे, बर्फी घेऊन जाता येणार नाही. ड्युसेलडॉर्फहून जाणाऱ्यांना ही अट नाही, डबा भरून न्या.

येताना काकवीची बाटली घ्यालच. ती चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या सामानात बहुतेक विमानतळांवर अजून १०० मिलीच्या वर काही जाऊ देत नाहीत, आणि सासूबाईंच्या हातून ती काढून घेण्याची वेळ कुठल्याच सुरक्षारक्षकावर येऊ नये.