बायोस अपडेट करण्याआधी

बायोस म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम. आधी एक विचारतो, त्याचं अपडेट हवंय कशासाठी? नवा प्रोसेसर बसवायचाय, रॅम नीट चालत नाहीये किंवा सुरक्षेची त्रुटी बुजवायचीय, तर जरूर कर. नुसता नवा आकडा दिसला म्हणून नको.

मदरबोर्डाचं नाव खोक्यावरून नाही, बोर्डावरूनच वाच. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'रेव्ह १.०' किंवा '१.२' असं, म्हणजे बोर्डाची आवृत्ती, छापलेलं असतं. काही कंपन्यांत तेवढ्या फरकानेही बायोसची फाइल बदलते. फाइल कंपनीच्या साइटवरूनच घे, झिप उघडून फॅट३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर टाक. सोबतची टीपही वाच. काही आवृत्त्यांवरून मागे फिरता येत नाही.

विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर तो आधी थांबव आणि रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा आकडा) दुसरीकडे लिहून ठेव. हे हमखास राहतं, मग ४८ आकडी की शोधत बसायची वेळ येते. ओव्हरक्लॉकिंग (ठरल्यापेक्षा वाढवलेला वेग) काढ, बायोसच्या सेटिंग्जचे फोटो घे. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग्ज मूळ स्थितीत जातात, एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) पुन्हा चालू करावं लागतं.

अपडेट विंडोजमधून नको, बायोसमधल्याच फ्लॅश टूलने कर. यूपीएस असेल तर उत्तम. अपडेट किती झालं ते दाखवणारी पट्टी मध्येच रेंगाळली तरी बटणाला हात लावू नकोस. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, तेव्हाही थांब.

एवढं करूनही फसलं, तर मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघ. असल्यास ठरलेल्या यूएसबी पोर्टमधून, मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव फाइलला देऊन, बायोस पुन्हा भरता येतो.