लहान चणीचा मुलगा आणि टॅकल फुटबॉल

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमचा मुलगा ११ वर्षांचा असून त्याचे वजन ६५ पाउंड, म्हणजे साडेएकोणतीस किलोच्या आसपास आहे आणि उंचीनेही तो वर्गात शेवटून दुसरा आहे. त्याचे मित्र टॅकल फुटबॉलच्या, म्हणजे समोरच्याला धडकून खाली पाडण्याच्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये खेळतात, म्हणून यंदा त्यालाही नाव नोंदवायचे आहे. त्याचे बाबा बॅरी सँडर्स या बुटक्या पण गाजलेल्या अमेरिकन फुटबॉलपटूचा दाखला देऊन ‘खेळू दे’ म्हणतात. मला मात्र दुप्पट वजनाचा मुलगा त्याच्यावर आदळेल या विचारानेच धडकी भरते. त्याला खेळू देणे सुरक्षित आहे का? वजन वाढवण्यासाठी एखादी पावडर द्यावी का? — एक वाचक

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या भीती आहेत. एक मुलाच्या अंगकाठीविषयीची आणि दुसरी, कदाचित न लिहिलेली, त्याच्या डोक्याला बसणाऱ्या माराविषयीची. पहिली वाटते तितकी खरी नाही. दुसरी मात्र धष्टपुष्ट मुलाच्या आईलाही वाटायला हवी अशी आहे.

मेयो क्लिनिक या अमेरिकेतील रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ९ ते १३ वर्षांच्या ९१५ खेळाडूंवर एक हंगामभर लक्ष ठेवून त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध केले. सामन्यांत ५५ दुखापती झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक किरकोळ होत्या. हलक्या मुलांना अधिक दुखापती झाल्या नाहीत; उलट जड मुलांचेच प्रमाण किंचित अधिक दिसले, अर्थात तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. खरा फरक वयाने पडला : आठवीच्या मुलांना असलेला धोका चौथीच्या मुलांच्या चौपट होता. याचे कारण समजण्यासारखे आहे. टकरीची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या मात्र वर्गाच्या पटीत, आणि दहा-अकरा वर्षांची मुले अजून फारशी वेगाने धावत नाहीत.

हे चित्र बदलते ते पौगंडावस्थेत. १३ वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेले असते, तर दुसरा अजून लहान मुलाच्या कोवळ्या आवाजातच बोलत असतो. जन्मतारखा जवळजवळ असूनही शरीराच्या वाढीत त्यांच्यात काही वर्षांचे अंतर पडलेले असते. आपला मुलगा उशिरा वाढणाऱ्यांपैकी असेल, तर त्याच्या बाबतीत जपण्याचा काळ आजचा नसून दोन वर्षांनंतरचा आहे. त्या वयात हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा अजून कच्ची असते आणि तिथली इजा नुसती मुरगळ समजून अंगावर काढता येत नाही.

बॅरी सँडर्सविषयी त्याच्या बाबांना एवढेच सांगावे, की तो पाच फूट आठ इंच उंचीचा होता हे खरे, पण त्याचे वजन २०० पाउंडांच्या वर होते. बुटका असणे आणि हलका असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी मुलाला तोलण्याऐवजी लीगला तोलावे. गट केवळ वयावर पाडतात की वजनही पाहतात, हे आधी विचारावे. काही लीगमध्ये ठरावीक वजनाच्या वरच्या मुलांच्या हेल्मेटवर पट्टी लावतात आणि त्यांना चेंडू घेऊन धावू देत नाहीत; असा नियम असेल तर आपली निम्मी धडकी कमी व्हावी. सरावात प्रत्यक्ष टकरी किती वेळ होतात, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सामना आठवड्यातून एकदा होतो आणि सराव अनेकदा. मुलांच्या फुटबॉल लीग चालवणाऱ्या पॉप वॉर्नर या जुन्या संस्थेने २०१२ मध्ये टकरींना सरावाच्या एक तृतीयांश वेळेची मर्यादा घातली आणि २०१६ मध्ये सर्वांत लहान गटांतून किकऑफ, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू करण्याचा प्रकार, काढून टाकला, कारण त्यात दोन्ही बाजूंची मुले लांबून धावत येऊन समोरासमोर भिडतात. आपल्याच राज्यातील हायस्कूल संघांना २०१९ पासून हंगामात आठवड्याला १५ मिनिटेच पूर्ण टकरींचा सराव करता येतो. मोठ्या मुलांना १५ मिनिटे पुरत असतील, तर अकरा वर्षांच्या मुलांना रोज तासभर भिडवणाऱ्या कोचला नम्रपणे नमस्कार करून परत यावे.

आता डोक्याविषयी. हेल्मेटमुळे कवटी फुटत नाही. कवटीच्या आत मेंदू हलतो, त्याला हेल्मेट पूर्णपणे रोखू शकत नाही. मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान बारीक असते, त्यामुळे किरकोळ चणीचा विचार करायचाच असेल तर तो इथे, मानेच्या ताकदीच्या संदर्भात करावा. सीडीसी या अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंस्थेच्या संशोधकांनी ६ ते १४ वर्षांच्या खेळाडूंच्या डोक्याला बसणारे धक्के उपकरणांनी मोजले आणि २०२१ मध्ये आकडे प्रसिद्ध केले : टॅकल खेळणाऱ्या मुलाला हंगामात साधारण ३७८ धक्के बसले, तर फ्लॅग फुटबॉल, म्हणजे पाडण्याऐवजी समोरच्याच्या कमरेची पट्टी ओढून त्याला थांबवण्याचा प्रकार, खेळणाऱ्याला ८. यातल्या बहुतेक धक्क्यांनी चक्करही येत नाही. अशा धक्क्यांचा साठत जाणारा परिणाम हीच खरी चिंतेची बाब आहे, आणि ती वजन वाढवून सुटत नाही.

माझे मत विचाराल तर यंदा आणि पुढच्या वर्षी त्याला फ्लॅग फुटबॉल खेळू द्यावे. चेंडू झेलणे, हुलकावणी देणे, खेळाचे डाव समजणे हे सगळे त्यात येते, आणि चपळ मुलाला तर त्यात अधिक वाव मिळतो. मुलगा ‘तो खरा फुटबॉल नाही’ म्हणाला, तर त्याला सांगावे की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार खेळला जाणार आहे. तो निर्णय २०२३ मध्ये मुंबईतल्या बैठकीत झाला. हायस्कूलच्या उंबरठ्यावर, म्हणजे १४ व्या वर्षी, त्याची वाढ पाहून टॅकलचा विचार पुन्हा करता येईल. तरीही यंदाच टॅकल खेळायचे ठरले, तर डोके खाली घालून धडकायचे नाही हा नियम कोच किती कडकपणे पाळतो, ते स्वतः मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावे. कंकशनची, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूला झालेल्या इजेची, शंका आली तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा मैदान नाही, ही अट शाळांना कायद्याने लागू आहे. खाजगी लीगकडून ती आपण मागून घ्यावी.

पावडर देऊ नये. बालरोगतज्ज्ञांकडे त्याचा वाढीचा आलेख असेल, तो पाहावा. मुलगा पहिल्यापासून त्याच एका रेषेच्या आसपास वाढत असेल, तर त्याची चण तशीच आहे आणि त्यात उपचार करण्यासारखे काही नाही. रेषा खाली घसरत असेल, तर फुटबॉल बाजूला ठेवून आधी त्याचे कारण शोधावे.