‘रनिंग मेट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्यांत ‘रनिंग मेट’साठी कोणी ‘सहउमेदवार’ छापतो, कोणी ‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार’, यांतले योग्य कोणते, आणि ‘तिकिटाचा समतोल साधणे’ हा प्रयोग मराठीत चालेल का?

‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार’ चूक नाही, पण त्यातून फक्त पद कळते, नाते कळत नाही. आपल्याकडे उपराष्ट्रपतींची निवडणूक स्वतंत्र असते आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य तीत मतदान करतात. त्यामुळे अमेरिकेतही असेच काही होत असावे, असा मराठी वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात तिथला सामान्य मतदार अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोघांना मिळून एकच मत देतो, आणि हा दुसरा कोण असावा हे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवारच ठरवतो. ‘सहउमेदवार’मध्ये नाते आहे, पण ते ‘सहप्रवासी’सारखे बरोबरीचे आहे. (‘सह’ संस्कृत आणि ‘उमेदवार’ फारसी असल्याने संधीच्या भानगडीतून आपण सुटलो, नाहीतर ‘सहोदर’च्या चालीवर ‘सहोमेदवार’ लिहिण्याची पाळी आली असती.)

मूळ शब्द घोड्यांच्या शर्यतीतला आहे. एकाच तबेल्यातल्या खऱ्या दावेदार घोड्याला वेग साधून देण्यासाठी जो दुसरा घोडा शर्यतीत उतरवत, तो ‘रनिंग मेट’. स्वतः जिंकणे हे त्याचे काम नव्हते. ही छटा मराठीत आणायची, तर माझ्या मते ‘जोड’ हा शब्द हाताशी आहे. शेतीला दुभत्या जनावरांची जोड दिली असे आपण म्हणतो, तेव्हा मुख्य काय आणि पूरक काय हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि मुख्य धंद्यात जे कमी पडते ते भरून काढण्यासाठी ही जोड आहे, हेही त्यातच येते. म्हणून ‘जोडधंदा’ तसा ‘जोडउमेदवार’.

१९६० सालचे उदाहरण घ्या. जॉन केनेडी ४३ वर्षांचे, ईशान्येकडच्या मॅसॅच्युसेट्सचे आणि कॅथलिक होते. दक्षिणेतल्या प्रोटेस्टंट मतदारांत त्यांच्याविषयी धाकधूक होती. त्यांनी निवडले ते लिंडन जॉन्सन यांना, म्हणजे टेक्ससचे, सिनेटमधील बहुमताचे नेते आणि उमेदवारीच्या लढतीतले स्वतःचेच प्रतिस्पर्धी. अमेरिकेत अध्यक्ष अखेर निवडतात ते राज्याराज्यांचे ठरावीक संख्येचे निर्वाचक, आणि बहुतेक राज्यांत तिथे जिंकणाऱ्या जोडीलाच त्या राज्याची सगळी निर्वाचक मते मिळतात. टेक्ससची २४ निर्वाचक मते सुमारे ४६ हजार मतांच्या आघाडीने केनेडींच्या पदरात पडली. ही जोड नव्हे तर काय?

कधी हिशेब राज्यघटनेतल्या एका कलमापाशीही अडतो. निर्वाचकांना दोन्ही पदांसाठी आपल्याच राज्याच्या रहिवाशांना मत देता येत नाही. २००० साली जॉर्ज बुश टेक्ससचे राज्यपाल होते आणि त्यांनी निवडलेले डिक चेनीही टेक्ससमध्येच राहत होते. तेव्हा चेनींनी आपली मतदार नोंदणी वायोमिंगमध्ये हलवली. वायोमिंगची निर्वाचक मते अवघी तीन, पण प्रश्न टेक्ससच्या ३२ मतांचा होता, आणि ती निवडणूक २७१ मतांवर, म्हणजे बहुमतापेक्षा एकच मत जास्त मिळून, जिंकली गेली.

१९९२ साली मात्र बिल क्लिंटन यांनी आर्कान्सासच्या शेजारच्या टेनेसीचे, जवळपास आपल्याच वयाचे अल् गोर निवडले. इथे उणीव भरून काढणे कमी आणि तरुण दक्षिणी नेतृत्वाची प्रतिमा ठसठशीत करणे जास्त होते. ‘जोड’ इथे थोडी ओढूनताणून लागू पडते, हे मान्य करतो. तरी ‘सहउमेदवार’पेक्षा ती मला जवळची वाटते.

राहिले ‘तिकीट’. मराठीत तिकीट मिळते, नाकारले जाते किंवा कापले जाते. ते एकट्याचे असते आणि पक्षाने दिलेले असते. अमेरिकी ‘तिकीट’ म्हणजे एकत्र उभी असलेली नावे, आणि त्यासाठी आपला रुळलेला शब्द ‘पॅनेल’ आहे. साखर कारखान्याचे किंवा ग्रामपंचायतीचे पॅनेल बांधताना कोणता गट, कोणती भावकी, कोणती वाडी सांभाळायची याचा जो खल चालतो, तोच तिथे दोन नावांपुरता होतो. फरक इतकाच, की आपल्या पॅनेलमधला एक निवडून आणून दुसरा पाडता येतो. तिथल्या मतदाराला ती सोय नाही. त्यामुळे ‘तिकिटाचा समतोल’ असे शब्दशः लिहिले, तर पक्षाने तिकीटवाटपात समतोल राखला असा भलताच अर्थ निघेल. ‘केनेडींनी जॉन्सन यांची जोड घेतली’ असे लिहावे. ‘समतोल’ हा शब्द हवाच असेल, तर ‘जोडीचा समतोल’ म्हणावे.