माळकरी आई-वडिलांना घेऊन बँकॉक

वडील माळकरी, आईंचे गुडघे दुखतात, तरी नोव्हेंबरात चार दिवस बँकॉक जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल. मी आई-बाबांना घेऊन जाऊन आलोय आणि पुन्हाही नेईन. पण आधी जेवणाचं नीट समजून घ्या, कारण आमचा पहिला दिवस त्यातच वाया गेला.

तिथे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मांसाचे तुकडे काढतात, पण माशाचा सॉस तसाच राहतो. त्याला ‘नाम प्ला’ म्हणतात आणि तो मिठासारखा सगळीकडे पडतो. आमच्यापुढे आलेल्या भाजीला वास आला आणि बाबांनी ताट बाजूला सारलं. तुम्हाला हवा तो शब्द ‘जे’. चिनी बौद्ध परंपरेतलं हे व्रताचं जेवण. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. ‘किन जे’ म्हणजे ‘जे खातो’, एवढं सांगितलं तरी पुरतं. अशा ठिकाणी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतात आणि ती लांबून 17 सारखी दिसतात. आईंना हे 17 दाखवून ठेवा, त्याच आधी शोधून काढतील. सेव्हन इलेव्हन या दुकानांमधल्या पाकिटांवरही हीच खूण बघा. नुसतं ‘मांगसाविरात’ म्हणालात तर अंडं येऊ शकतं.

तरीही मेतकूट, तूप आणि लोणचं बरोबर असू द्या. साधा पांढरा भात, ‘खाओ प्लाओ’, कुठेही मिळतो. भारतीय जेवणासाठी पाहुरात भाग चांगला, मेट्रोचं साम योत स्टेशन जवळ आहे. तिथल्या मोठ्या गुरुद्वारात सकाळी लंगर असतो. बाबा तिथे बसून पोटभर जेवले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

राजवाडा (ग्रँड पॅलेस) सकाळी साडेआठला उघडतो, तेव्हाच पोचा. तिकीट 500 बाहत (थाई चलन). खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणजे आईंची साडी उत्तम, तुमची हाफ पँट चालणार नाही. बाहेर कोणी गोड बोलून “आज बंद आहे, बौद्ध सण आहे” असं सांगेल आणि स्वस्तात टुकटुकने, म्हणजे तिथल्या रिक्षाने, फिरवायला निघेल. ती फेरी रत्नांच्या दुकानात संपते. सरळ तिकीट खिडकीपर्यंत चालत जा.

आतल्या वाट फ्रा केओ (‘वाट’ म्हणजे मंदिर) मंदिराभोवतीच्या ओवरीत रामायणाची 178 चित्रं आहेत. हे त्यांचं ‘रामाकियन’. मारुती पांढरा, दशकंठाला तिथे ‘तोत्सकान’ म्हणतात आणि तो हिरवा. वर छप्पर असल्याने ऊन लागत नाही. तासभर तरी इथे ठेवाच. बाबा एकेक प्रसंग ओळखत पुढे सरकत होते, आम्हाला मार्गदर्शक लागलाच नाही.

वाट फोला जायला मेट्रोचं सनाम चाय स्टेशन सोयीचं, लिफ्ट आहे. नदीपलीकडच्या वाट अरुणला होडीने जा, पण तिथल्या पायऱ्या फार उभ्या आहेत. आईंना खालूनच बघू द्या. दुपारी बारा ते चार हॉटेलवर विश्रांती. नोव्हेंबरातही दमट असतं.

टॅक्सीत बसण्याआधी मीटर लावायला सांगा, नाही म्हणाला तर दुसरी बघा किंवा ग्रॅब या ॲपवरून गाडी मागवा. एटीएमवर रुपयांत की बाहतमध्ये असं विचारलं तर बाहत निवडा. दर वेळी सुमारे 220 बाहत शुल्क कापतात, तेव्हा एकदाच जास्त काढा.

1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरा, फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी समजा. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाचं पान बघा. बरोबरच्या कोणाकडे ई-सिगारेट असेल तर घरीच ठेवायला सांगा, तिथे बंदी आहे. वडिलांच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा.

हॉटेल ठरवण्याआधी जवळच्या स्टेशनला लिफ्ट आहे का ते बघा. दोन-तीन नावं मनात असतील तर इथे लिहा, मी बघून सांगतो.