वाचकांचे प्रश्न : गाडीची फाटलेली लेदर सीट

प्रश्न : मागच्या वर्षी सेकंडहँड गाडी घेतली, लेदर सीटवाली. तुरीवर फवारणी होती म्हणून पंप मागच्या सीटवर टाकून शेतात नेला तर पट्ट्याच्या हुकानं सीट चार बोटं फाटली. मी वरून झटपट चिकटणारा गोंद लावला, तो कडक झाला आणि बाजूनं आणखी फाटलं. ड्रायव्हर सीटचा बाहेरचा काठ पण उन्हानं तडकून राहिला. घरचे म्हणतात खोबरेल तेल लाव, कुशनवाला म्हणते पूर्ण कव्हर बदला. काय करू?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, चार बोटांसाठी पूर्ण कव्हर बदलायची घाई करू नका. पहिले हे पाहा की ते चामडंच आहे का, कारण लेदर सीट म्हणून सांगतात त्यातल्या लय गाड्यांत चांगल्यापैकी रेक्झिनच (कापडावर प्लास्टिकचा थर दिलेलं नकली चामडं) असते, आणि कुठं कुठं बसायचा भाग तेवढा चामड्याचा आणि बाजू न् पाठ रेक्झिनची. तुमची सीट फाटलीच आहे तर कड जराशी उचलून मागची बाजू पाहा, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन, मऊ केसाळ तंतू दिसले तर चामडं.

तेल दोन्हीला नको. रेक्झिन मऊ राहते ते तिच्या प्लास्टिकमधल्या तेलकट द्रव्यानं, ते उन्हानं उडून जाते म्हणून ती कडक होऊन तडकते, वरून खोबरेल चोपडून ते परत येत नाही. गाडीच्या चामड्यावर पण रंगाचा थर असते, तेल वरच राहते आणि आपल्याकडची काळी धूळ त्याच्यावर अशी बसते की मग निघता निघत नाही.

झटपट गोंदाचं तुम्हाला आता समजलंच असेल, तो काचेसारखा कडक होते आणि सीट तर माणूस बसला की दबते न् उठला की फुगते, मग जिथं कडक भाग संपते तिथूनच नवीन चीर सुरू होते. म्हणून तो कडक भाग ब्लेडनं हळूच काढून टाका, निघालेले दोरे कापा, पातळ साबणाच्या पाण्यानं पिळलेला कपडा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या.

खरा आधार आतून द्यायचा. जुन्या जीन्सचा तुकडा घ्या, चिरेपेक्षा चारही बाजूनं इंचभर मोठा, कोपरे गोल कापा म्हणजे ते वर उचलत नाहीत. तुकडा घडी करून चिरेतून आत सरकवा आणि चिमट्यानं सपाट करा. गोंद मात्र लेदर-रेक्झिनसाठीचा, वाळल्यावर रबरासारखा लवचिक राहणारा घ्या. आधी एक कड चिकटवा, मग दुसरी, कडा एकमेकींना भिडल्या पायजे, एकीवर एक चढायला नको. वर प्लास्टिकचा कागद टाकून वजन ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. मग फिलरचे, म्हणजे चीर भरायच्या लवचिक पेस्टचे, पातळ पातळ तीन-चार थर, प्रत्येक थर वाळल्यावरच दुसरा, ६०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं घासा, मग रंग आणि शेवटी क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. रंग पहिले सीटखालच्या न दिसणाऱ्या जागी लावून पाहा. हे काम सकाळी सावलीतच करा, दुपारच्या उन्हात गोंद वरून आधीच वाळते आणि आतून ओला राहून जाते.

चीर शिलाईवर असेल तर गोंदाच्या भानगडीत पडूच नका, कुशनवाल्याकडून नायलॉन किंवा पॉलिस्टर दोऱ्यानं शिवून घ्या, सुती दोरा उन्हानं न् घामानं कुजते.

आता ड्रायव्हर सीट. बसायच्या भागाचा काठ तडकला असेल तर फिलर-रंग चालते. पण पाठीच्या बाहेरच्या बाजूला एअरबॅगचा टॅग दिसला तर तिथं ना गोंद, ना टाका, ना वरून टाइट कव्हर. तिथली शिलाई मुद्दाम अशी असते की अपघातात फाटून एअरबॅग बाहेर यावी. हे मी तुम्हाला तळमळीनं सांगून राहिलो, सीट कशीही दिसो, जीव मोठा आहे.

आणि आपल्याकडचं ऊन! मे महिन्यात बाहेर ४५ अंश असले की बंद गाडीत पारा ६० च्या वर जाते. कडुनिंबाखाली लावा, काचेला आतून पडदा लावा, सीटवर जाड सुती चादर टाका, आणि पंप न्यायचाच असेल तर खाली दुहेरी पोतं टाकूनच न्या.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी उभी राहिली की लेदर सीटवर पांढरी बुरशी येते. पुसली तरी परत येते.
— एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, गाडीची चारही दारं उघडून मोकळ्यात पुसा आणि तोंडाला कपडा बांधा. साबणाच्या पाण्यात पिळलेला कपडा फिरवा, मग कोरडा, आणि पंख्याच्या हवेवर वाळवा. परत येते ती ओल आत असल्यामुळं, म्हणून पायाखालची मॅट उचलून खालचं कार्पेट हातानं दाबून पाहा. ते ओलं लागलं तर पाणी कुठून शिरून राहिलं ते दाराच्या रबरापासून शोधा, तोवर सीट कितीही पुसली तरी ती बुरशी परत येईलच.