कोकम सरबत तिखट करायचंय, पण मिरचीचे तुकडे तोंडात नकोत. काय करावं?

मिरची साखरेच्या गरम पाकात मुरवा आणि तो गाळून सरबतात घाला. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही; थंड सरबतात नुसती मिरची टाकली तर हिरवा वास येतो, ठसका फारसा नाही. एक वाटी साखर-पाण्याला एक लवंगी मिरची उभी चिरून पुरे, दहा मिनिटांनी चाखा. ठसका बियांत नव्हे, मधल्या पांढऱ्या शिरेत असतो. सौम्य हवं तर तीच काढा. मुंबईत पेरूच्या ज्यूसवर भुरभुरतात ते तिखट-मीठ वरच राहून ओठांना लागतं, त्याचीही मजा आहेच. व्होडकात मात्र जपून, अल्कोहोलमध्ये तिखट झपाट्याने उतरतं. कॉफीत घालणार असाल तर बिनदुधाच्याच, कारण दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तिखटपणा मारतं.