बैठक क्रमांक १४२८५७

प्रश्न : माझ्या मुलीला परीक्षेसाठी १४२८५७ हा बैठक क्रमांक मिळाला आहे. तिचा मामा म्हणतो, हा आकडा साधासुधा नाही. यात खरंच काही आहे का? – एक आई, सिन्नर

उत्तर : ताई, मामांचं अगदी बरोबर आहे. मुलीला कागद-पेन्सिल घेऊन १ ला ७ ने भागायला सांगा. दशांश चिन्हानंतर हाच आकडा येतो आणि पुन्हा पुन्हा येत राहतो. मी वर्गात हा भागाकार फळ्यावर करायचो, तेव्हा प्रत्येक बाकीला लाल खडूनं गोल करायचो: ३, २, ६, ४, ५, १. सातनं भागल्यावर उरू शकतात त्या सगळ्या बाक्या येऊन गेल्या आणि १ उरला, म्हणजे फेरी पहिल्यापासून सुरू. म्हणून तर दुप्पट केली की २८५७१४, तिप्पट केली की ४२८५७१. अंक तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवात दुसरीकडून. सहापटीपर्यंत असंच चालतं आणि सातपट केली की ९९९९९९.

आता प्रकार. ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७ असे अवयव पडतात, म्हणजे संख्या संयुक्त. पुढचे तीन प्रकार मात्र तुमच्या शेजारचे आहेत. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी ते जगाला दिले.

अंकांची बेरीज २७ आणि २७ ने पूर्ण भाग जातो (५२९१ वेळा), म्हणून ही हर्षद संख्या. वर्ग करा: २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडा आणि २०४०८ मध्ये १२२४४९ मिळवा. परत १४२८५७! म्हणून ही कापरेकर संख्या.

तिसरा प्रकार मला सगळ्यांत जवळचा. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये ३ मिळवले की २४. जी अशी कुणापासूनच जन्मत नाही ती स्वयंभू, तिलाच देवळाली संख्या म्हणतात. १४२८५७ ची जननी शोधायची तर ९ ने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्याच तपासाव्या लागतात, आणि त्यांतल्या दोनच सगळ्यांत जवळ येतात. १४२८३० मध्ये १८ मिळवले की १४२८४८, नऊनं कमी. १४२८३९ मध्ये २७ मिळवले की १४२८६६, नऊनं जास्त. दोन्हीकडून हुकतं. म्हणजे तुमच्या लेकीचा क्रमांक हर्षद, कापरेकर आणि स्वयंभू, तिन्ही आहे. मी स्वतः हे ताडून पाहिलं, तेव्हा कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो.

परीक्षा झाली की तिला १ ला १७ ने भागायला सांगा. सोळा अंक होईपर्यंत थांबायचं नाही, आणि सुरुवातीचं शून्य गाळायचं नाही.